वाचकांचे प्रश्न : शिकवून झाले, मुलांना आले का?

महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमधील शिकण्या-शिकवण्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि शाळा ओळखू येईल असा तपशील काढून टाकला आहे. उत्तरे देणारी मी पुण्यातल्या एका अध्यापक विद्यालयात बरीच वर्षे शिकवून निवृत्त झाले असल्यामुळे सराव पाठांच्या निरीक्षणासाठी वर्गाच्या मागच्या बाकावर बसण्याची सवय अजून सुटलेली नाही. उत्तरांत ती जागोजागी दिसेल.

प्रश्न : मी पुण्यात महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. पटावर ३८ मुले आहेत. त्यांतील दहा-बारा जण पुस्तक सहज वाचतात, तितकीच मुले जोडाक्षर आले की अडतात आणि उरलेल्यांना काना-मात्राही नीट ओळखता येत नाहीत. पाठ पुढे नेले तर ही मुले मागे राहतात. त्यांच्यासाठी थांबले तर पाठ मागे राहतात आणि पुढची मुले कंटाळतात. मी शिकवायचे कोणाला?
— एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : कोणती मुले कोठे अडतात हे आपण पाहिले आहे, म्हणजे कामाचा अवघड भाग आपण आधीच केला आहे. बहुतेक वर्गांत "पाच-सहा मुले कच्ची आहेत" यापलीकडे कोणी काही सांगू शकत नाही.

मला आठवतो तो एक चौथीचाच मुलगा. पुस्तकावर बोट ठेवून त्याने पाठ असा खडखडीत वाचून दाखवला की सराव पाठ घेणारी माझी विद्यार्थिनी कौतुकाने माझ्याकडे पाहू लागली. मला मात्र त्याचे बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर दिसत होते. मी मधल्याच एका ‘विहीर’ या शब्दावर बोट ठेवले आणि हा शब्द कोणता, असे विचारले. मुलगा गप्प झाला. मग त्याने पाठाची पहिली ओळ पुटपुटायला सुरुवात केली आणि तसाच पुटपुटत पुटपुटत तो विहिरीपर्यंत येऊन पोचला. त्याला वाचता येत नव्हते, पण चार वर्षांत ते कोणाच्या लक्षात येऊ नये इतकी त्याने सोय करून ठेवली होती. अख्खा पाठ नुसता ऐकून मुखोद्गत करणाऱ्या मुलाला ढ म्हणण्याची हिंमत मला तरी होणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक मुलाला एकटे जवळ बसवून दोन-तीन मिनिटे वाचून घेणे. सुटी अक्षरे, साधे शब्द, चार ओळींचा सोपा उतारा आणि एक छोटी गोष्ट एवढ्या चार पायऱ्या पुरतात. ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणात २००५पासून याच पायऱ्या वापरल्या जातात, आणि त्याच्या २०२४च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले निम्म्याहून किंचित कमी आहेत. तेव्हा आपला वर्ग काही जगावेगळा नाही. ३८ मुलांचे वाचन घ्यायला सगळे मिळून दोन तासही लागत नाहीत. ते आठवडाभरात विभागून घ्यावे. वाचायला द्यायचा उतारा मात्र पाठ्यपुस्तकातला नको. कारण वर सांगितलेच आहे.

दुसरी गोष्ट रोजच्या एका तासाची. तिसरी, चौथी आणि पाचवीच्या शिक्षकांनी एकच तास ठरवून घ्यावा आणि त्या तासापुरती इयत्ता विसरून मुलांचे पातळीनुसार गट करावेत. एकाने अक्षर-शब्दांचा गट घ्यावा, दुसऱ्याने उताऱ्यावर अडणाऱ्यांचा, तिसऱ्याने वाचता येणाऱ्यांचा. उरलेला दिवस इयत्तेचे पुस्तक चालू द्यावे. ही पद्धत मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेने घडवली, आणि २०१९च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तिची अनेक राज्यांत पडताळणी केली. त्यातील एक निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे. जेथे शिक्षकांना केवळ प्रशिक्षण आणि साहित्य देऊन नेहमीच्या तासिकांतच हे बसवायला सांगितले, तेथे फारसे काही घडले नाही. हरियाणात त्याच सरकारी शिक्षकांना यासाठी दिवसाचा स्वतंत्र तास राखून दिला, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. म्हणजे अडचण शिक्षकांच्या कुवतीची नव्हती, वेळापत्रकाची होती.

सर्वांत खालच्या गटाला पुन्हा बाराखडीच्या रांगेत उभे करू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. ‘ग म भ न’ हा क्रम हाताला वळण लागावे म्हणून चांगला आहे. पण त्या चार अक्षरांतून तयार होणारे ‘गगन’, ‘नभ’, ‘नमन’ हे शब्द हडपसरच्या वस्तीत राहणाऱ्या मुलाच्या कानावर कधी पडलेले असतात? त्याच्या जगात नळ, पत्रा, रिक्षा, आईचे नाव आणि कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी असते. ज्या शब्दाचा अर्थ आधीपासून ठाऊक आहे, तो फोडून त्यातली अक्षरे ओळखायला मुलाला फार वेळ लागत नाही. गटांना ‘हुशार’ आणि ‘कच्चा’ अशी नावे देऊ नयेत, हे आपल्याला सांगायला नको; मात्र दर पंधरा दिवसांनी वाचन पुन्हा घेऊन मुलांचे गट बदलले नाहीत, तर नाव काहीही दिले तरी मुलांना सगळे कळते.

राहिला अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा धाक. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४मध्ये शिक्षकाने ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करावा असे म्हटले आहे, हे खरे. पण त्याच कलमात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करावे, असेही म्हटले आहे. मुख्याध्यापकांनी पहिले वाक्य दाखवले, तर आपण त्यांना दुसरे दाखवावे.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत आहे. प्रगतिपत्रकात गणिताला ‘अ-२’ श्रेणी आहे, पण ‘त्रेसष्ट’ लिही म्हटले की तो ३६ लिहितो आणि वजाबाकी बहुतेक चुकते. दुकानात पाठवले तर उरलेले पैसे मात्र बरोबर आणतो. त्याला इंग्रजी माध्यमात घालावे का?
— एक पालक, येरवडा

उत्तर : आपल्या मुलाने ३६ लिहिले ते त्याने नीट ऐकले म्हणून. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतो आणि साठ मागाहून; हात मात्र डावीकडून उजवीकडे लिहितो. ‘एकोणसाठ’मध्ये तर कानाला साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात ५९. शंभरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला आपल्याकडे स्वतंत्र, जोडाक्षरांनी भरलेले नाव आहे. मोठ्यांना ती नावे इतकी अंगवळणी पडलेली असतात, की मुलाला त्यात काही अडचण असेल असे वाटतच नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे वाचन दिले, तेव्हा वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत केवढा गदारोळ झाला होता! मराठी भाषा बुडाली, असे म्हणणाऱ्यांत माझे काही स्नेहीही होते. मला ती पायरी तेव्हाही योग्य वाटली होती आणि आजही वाटते. मूल ‘साठ तीन’वर कायमचे थांबत नाही, त्यावर पाय ठेवून ते ‘त्रेसष्ट’ला पोचते.

घरी आपण एवढे करू शकता. दिवसाच्या गल्ल्यातील दहाच्या नोटा आणि एकची नाणी त्याच्यापुढे ठेवावीत. त्रेसष्ट रुपये मोज म्हटले की तो सहा नोटा आणि तीन नाणी काढील. मग नोटा किती ते आधी लिहायला सांगावे आणि नाणी किती ते नंतर. त्यानंतर छत्तीस रुपये शेजारी मांडून जास्त कोणते, हे विचारावे.

वजाबाकीचेही असेच आहे. त्याची वही उघडून पाहा. ५२ मधून २७ गेले तर त्याने बहुधा ३५ लिहिले असेल. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले आणि पाच लिहिले. यात आळस किंवा निष्काळजीपणा नाही, त्याने स्वतःपुरता एक नियम बसवला आहे आणि तो इमानाने पाळतो आहे. दुकानात हाच मुलगा चुकत नाही, कारण तेथे दहाची नोट मोडून सुटे घ्यावे लागतात हे त्याला ठाऊक आहे. ‘दशक सुटा करणे’ म्हणजे फळ्यावर केलेले हेच सुटे, एवढे त्याला कोणीतरी सांगायला हवे आहे.

श्रेणीविषयी सांगायचे तर प्रगतिपत्रकातील ‘अ-२’मध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, गृहपाठ आणि सत्राअखेरची लेखी चाचणी असे बरेच काही एकत्र झालेले असते. एवढ्या सगळ्याचे मिळून एक अक्षर झाले, की मूल कोठे अडले आहे ते त्यातून दिसत नाही. बाईंकडे जाताना प्रगतिपत्रक घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. "श्रेणी का दिली?" असे विचारले की माणूस बचावाला उभा राहतो, "वजाबाकीत हा नेमका कोठे चुकतो?" असे विचारले की दोघेही वहीत पाहू लागतात. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. या बैठकांत पंखे, रंगरंगोटी आणि शौचालय यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी; पण तिसरीतल्या किती मुलांना आता वाचता येते, हा प्रश्न तेथे क्वचितच विचारला जातो. आपण तो विचारावा.

माध्यम बदलण्याविषयी माझे मत स्पष्टपणे नकाराचे आहे. संख्यानामांचा क्रम इंग्रजीत विसानंतर सरळ आहे, हे मान्य करायला हवे. पण त्या एका सोयीसाठी बाकीचे सगळे शिक्षण घरात कोणी बोलत नाही अशा भाषेत घ्यावे लागेल, आणि आता वहीत दिसणारी चूक तेव्हा आपल्याला वाचताही येणार नाही.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी आहे, पहिली ते पाचवी मिळून २६ मुले. पोषण आहाराची रोजची नोंद, ऑनलाइन माहिती, उपक्रमांचे फोटो, मतदारयादीचे काम, यांतून शिकवायला वेळ उरत नाही. सुधारणा कशी होणार?
— एक शिक्षक, भोर तालुका

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. दर दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुकीची कामे सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपू नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ सांगते. परंतु माहिती भरण्याचे काम ‘शैक्षणिक’ या सदरात मोडते असे गृहीत धरले जाते आणि कलम कागदावर राहते. हे शासनाने सोडवायचे आहे, आपण दोघांनी नव्हे. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. सकाळचे पहिले दोन तास शिक्षकांचे फोन कपाटात राहतील, असा ठराव व्यवस्थापन समितीकडून लेखी करून घ्यावा आणि त्याची प्रत केंद्रप्रमुखांना, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, द्यावी. ‘तत्काळ’ असा शेरा असलेली माहिती दुपारी दिल्याने आभाळ कोसळल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

आणि एक बाजू आपल्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. शहरातील तुकड्यांच्या शाळेत पातळीनुसार गट करायचे तर तीन शिक्षकांची मनधरणी करावी लागते. आपल्याकडे पाचही इयत्ता मुळातच एकत्र बसतात. पाचवीतील मुलगी पहिलीतल्या दोघांना गोष्ट वाचून दाखवते तेव्हा त्या दोघांचे तर शिकणे होतेच, पण शब्दावर अडखळू नये म्हणून ती स्वतः आदल्या दिवशी घरी ती गोष्ट वाचून येते. बहुवर्ग अध्यापनाकडे केवळ संकट म्हणून पाहण्याची सवय आमच्या अध्यापक विद्यालयांनीच लावली, हे मला कबूल केले पाहिजे. आम्ही सराव पाठ कायम एका इयत्तेचेच घेत आलो.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो. मुलांना नापास करणे बंद केले तेव्हापासून शिक्षणाची घसरण सुरू झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले काय म्हणणे आहे?
— एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवू नये, ही तरतूद २००९च्या कायद्यातली. २०१९मध्ये तीत दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात २०२३-२४पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. अनुत्तीर्ण झालेल्याला फेरपरीक्षेची संधी आहे. आपली मागणी बरीचशी मान्य झाली आहे.

माझी शंका वेगळी आहे. नापास करत होते तेव्हा मुले शिकत होती, असे आपल्याला आठवते, कारण नापास झालेली मुले पुढच्या वर्षी आपल्या वर्गात दिसत नसत. ती हॉटेलात कपबशा विसळायला गेली, गवंड्याच्या हाताखाली गेली, मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिल्या. भिडे वाड्यात १८४८मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११मध्ये मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क प्रत्यक्ष अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडले. एवढ्या खटपटीने जे मूल वर्गात आले, त्याला मार्चमध्ये ‘तुला येत नाही’ असे सांगण्यात अर्थ नाही. जुलैमध्ये ते कोणीतरी पाहायला हवे होते. पाचवीत नापास झालेल्या मुलाला पुन्हा पाचवीचेच पुस्तक दिले आणि त्याचे अडले आहे दुसरीच्या जोडाक्षरापाशी, तर त्याचे आणखी एक वर्ष जाईल, एवढेच होईल. एका मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत आहे. नापास करणे थांबवताना मूल्यमापनच थांबवले गेले, आणि वर्णनात्मक नोंदींच्या वह्या ‘चित्रे छान काढतो’, ‘वर्गात लक्ष देते’ अशा एकाच साच्यातल्या वाक्यांनी भरल्या गेल्या.

प्रश्न : आम्ही काही निवृत्त मित्र मिळून महापालिकेच्या एका शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही भेट देऊ इच्छितो. उपयोग होईल ना?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : टीव्ही देण्याआधी शाळेत आधीचे किती आहेत आणि त्यांतील किती चालू आहेत, हे पाहून यावे. मुलांना पडद्यापेक्षा आपला वेळ अधिक हवा आहे. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, न चुकता जाऊन पाच मुलांचे वाचन ऐकणारा एक माणूस मिळाला, तरी शिक्षिकेचे मोठे काम हलके होते. न चुकता हा शब्द महत्त्वाचा. नातवंडांच्या सुट्टीत खंड पडणार असेल, तर तसे आधीच सांगावे.

प्रश्न : मी केंद्रप्रमुख आहे. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत वरून आलेल्या सूचना वाचून दाखवण्यातच दिवस संपतो. शिक्षक येतात, सही करतात, चहा घेतात आणि जातात. ही परिषद उपयोगी कशी करावी?
— एक केंद्रप्रमुख, जुन्नर तालुका

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार बरे वाटले, कारण या विषयावर विचारणारे आपण एकटेच आहात. कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या कार्यालयातून निघालेली सूचना जिल्हा, तालुका आणि केंद्र अशा पायऱ्या उतरत शाळेत पोचते तेव्हा तिच्यातला विचार वाटेत गळालेला असतो आणि उरतो तो तक्ता. ‘निपुण भारत’ हे अभियान २०२१मध्ये आले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७पर्यंत गाठायचे आहे. उद्दिष्टाविषयी कोणाचेच दुमत नाही. पण ते कसे गाठायचे, हे शिक्षकांनी एकमेकांत बोलायची जागा आपली परिषदच आहे, आणि तेथेच कोणी बोलत नाही.

मुलांनी स्वतः करून शिकावे अशा ज्ञानरचनावादी पद्धतीसाठी गाजलेल्या साताऱ्याच्या कुमठे बीटातील (म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या) शाळा पाहायला एके काळी राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात. परत आल्यावर अनेकांनी आपल्या वर्गाच्या फरशीवर तशाच आकृत्या रंगवल्या. त्या आकृत्यांमागे तेथील शिक्षकांनी एकत्र बसून केलेला जो विचार होता, तो रंगाच्या डब्यातून येणार नव्हता. दोन-तीन वर्षांत फरशीचा रंग गेला आणि वर्ग पूर्वीसारखे झाले, असे मी पुणे जिल्ह्यातही पाहिले आहे.

सूचना आदल्या दिवशी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून द्याव्यात; त्या सगळ्यांना वाचता येतात. परिषदेला येताना प्रत्येक शिक्षकाने गणिताच्या तीन वह्या आणाव्यात: एका चांगल्या येणाऱ्या मुलाची, एका मधल्या मुलाची आणि तपासायच्या गठ्ठ्यात नेहमी तळाशी राहते त्या मुलाची. नावांवर कागद चिकटवावा. चार-चार शिक्षकांनी एका वहीभोवती बसून फक्त एवढेच ठरवायचे, की या मुलाने हे उत्तर कसे काढले असेल. बरोबर-चूक सांगायचे नाही, शिक्षकाला सल्ला द्यायचा नाही आणि आपणही शेरा लिहायचा नाही. पुढच्या महिन्यात त्याच मुलांच्या वह्या पुन्हा आणायच्या.

पहिल्या खेपेला निम्मे शिक्षक वह्या विसरून येतील आणि उरलेल्यांनी आणलेल्या तिन्ही वह्या पहिल्या नंबरच्या मुलांच्या असतील. केंद्रप्रमुखासमोर आपल्या वर्गातली चूक उघडी करायची सवय कोणालाच नाही, आणि इतकी वर्षे ती का लागली नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून पहिली वही आपण आणावी. आपणही कधी वर्गात शिकवले असेल. तेव्हाची न जमलेली एखादी गोष्ट त्यांना सांगावी, किंवा भेटीला गेलेल्या शाळेत एखाद्या मुलाचे वाचन घेऊन आपल्याला काय कळले नाही, ते सांगावे. पुढच्या परिषदेची तारीख कळवलीत, तर मागच्या बाकावर बसायला मीही एसटीने येईन.